निद्रिताप्रती जागृताचे कर्तव्य

निद्रेविषयीचा भारतीय विचार मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरत आला आहे: झोपेत जीव नेमका कुठे जातो हा एक, आणि झोपणारा माणूस साधनेच्या दृष्टीने कितपत दोषी ठरतो हा दुसरा. पहिल्याचे उत्तर उपनिषदांनी आणि त्यांच्या भाष्यकारांनी दिले, दुसऱ्याचे गीता, बौद्ध निकाय आणि संतवाङ्मय यांनी. तिसरा एक प्रश्न या ग्रंथांत जागोजागी विखुरलेला असूनही स्वतंत्रपणे क्वचितच मांडला गेला. तो असा, की चारचौघांत, म्हणजे वाचनालयाच्या खुर्चीत, रेल्वेच्या फलाटावर, देवळाच्या ओवरीत किंवा कचेरीच्या पायरीवर कोणाचा डोळा लागला, तर त्याच्याभोवती जे जागे आहेत त्यांचे त्याच्याशी नाते काय, आणि त्याला उठवण्याचा अधिकार त्यांना कोठून मिळतो. या तिसऱ्या प्रश्नाची तपासणी करण्यास बंगळुरूच्या पूर्व टोकाचे व्हाइटफील्ड हे उपनगर फार सोयीचे आहे, कारण झोपेची विषम वाटणी तेथे एकाच रस्त्यावर पाहता येते.

१८८२ मध्ये म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडियार यांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन समाजाच्या संघटनेला शेतीच्या वसाहतीसाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली, डी. एस. व्हाइट या पुढाऱ्याचे नाव त्या वसाहतीला मिळाले, आणि पुढची शंभरएक वर्षे हे गाव बैठी घरे, बागा आणि पेन्शनरांची संथ वस्ती म्हणूनच ओळखले गेले. १९९४ मध्ये भारत आणि सिंगापूर यांच्या भागीदारीतून इंटरनॅशनल टेक पार्कची योजना आकाराला आली आणि गावाचे घड्याळ बदलले. ग्राहक अमेरिकेत आणि काम करणारा येथे, अशा व्यवस्थेत रात्रीची पाळी होते. २०२३ च्या मार्चमध्ये मेट्रो व्हाइटफील्डपर्यंत पोचली, त्याच वर्षी ती सलग चल्लघट्ट्यापर्यंत धावू लागली, आणि सुमारे ४३ किलोमीटरच्या त्या मार्गावर दांड्याला डोके टेकून पेंगणारा प्रवासी नित्याचा झाला. टेक पार्कच्या परिसरात भर दुपारी झोपेचे आणखी प्रकार दिसतात. टॅक्सीचालक सीट मागे पाडून आणि काच बोटभर उघडी ठेवून पडलेला असतो. घरपोच जेवण पोचवणारा तरुण उभ्या केलेल्या दुचाकीच्या सीटवर पाठ आणि हँडलवर पाय टाकून, हेल्मेट पोटावर घेऊन झोपलेला असतो, आणि मुठीतला मोबाइल त्याने असा धरलेला असतो की नवी ऑर्डर आल्याची थरथर झोपेतही कळावी. फाटकावरच्या रखवालदाराला खुर्ची मिळालेली असली तरी झोप मिळत नाही, कारण जागे राहण्याचाच त्याला पगार आहे.

एकाच डुलकीला या राज्यात दोन भाव आहेत. २०२२ मध्ये बंगळुरूच्या वेकफिट या गाद्या विकणाऱ्या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना दुपारी दोन ते अडीच ही वेळ हक्काच्या वामकुक्षीसाठी जाहीर केली, तेव्हा तिचे कौतुक झाले, आणि गादीवाल्याने झोपेचा पुरस्कार करावा यात व्यापाराचा भाग किती, असे विचारणारे थोडेच निघाले. उलट कल्याण कर्नाटक परिवहन महामंडळाच्या एका कॉन्स्टेबलची ड्यूटीवरची झोप चित्रफितीत सापडली तेव्हा तो निलंबित झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केले, कारण त्या माणसाला जवळपास दोन महिने दुहेरी पाळीत राबवले गेले होते आणि चूक असलीच तर ती राबवणाऱ्यांची होती. न्यायालयाने येथे झोपणाऱ्याच्या वर्तनावरून नजर काढून जागे असलेल्यांच्या वर्तनाकडे वळवली. धर्मशास्त्राच्या आणि तत्त्वज्ञानाच्या परंपरेत अशी नजर कितपत होती, हे आता पाहता येईल.

बृहदारण्यक उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात काशीचा राजा अजातशत्रू आणि ज्ञानाचा ताठा असलेला बालाकी गार्ग्य यांचा संवाद आहे. बालाकीचे ज्ञान अपुरे पडल्यावर राजा त्याचा हात धरून त्याला एका झोपलेल्या माणसापाशी नेतो, त्या माणसाला मोठमोठ्या नावांनी हाका मारतो, तो उठत नाही, आणि मग त्याला हाताने हलवून जागे करतो. हाकेला उत्तर न देणारा आणि स्पर्शाने उठणारा हा पुरुष आतापर्यंत कुठे होता, असा प्रश्न राजा करतो, आणि भारतीय तत्त्वज्ञानातील सुषुप्तीची, म्हणजे स्वप्नरहित गाढ झोपेची, चर्चा येथून पुढे सरकते. हीच कथा कौषीतकी उपनिषदातही आली आहे, पण तेथे राजा त्या माणसाला काठीने डिवचतो. हात की काठी, या फरकावर तत्त्वज्ञानाचे काहीच अवलंबून नाही, म्हणून भाष्यपरंपरेला त्याचे फारसे महत्त्व वाटले नसावे. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने मात्र सगळे त्याच्यावरच अवलंबून आहे. तो माणूस कोण होता, तेथे का झोपला होता, उठवल्यावर त्याला काय वाटले, हे दोन्ही उपनिषदे सांगत नाहीत. आत्मविद्येचा एवढा मोठा सिद्धान्त ज्याच्या झोपमोडीवर उभा राहिला, तो ग्रंथात निनावी पुरावा होऊन राहिला.

बृहदारण्यकाच्याच चौथ्या अध्यायात याज्ञवल्क्य जनकाला सुषुप्तीचे जे वर्णन ऐकवतो, त्यात झोपेला मिळालेली प्रतिष्ठा फार मोठी आहे. त्या अवस्थेत बाप बाप राहत नाही, आई आई राहत नाही, देव आणि वेदही आपले देवपण आणि वेदपण सोडतात, चोर चोर उरत नाही आणि चांडाळ चांडाळ उरत नाही. अद्वैत्यांनी पुढे यावरून असा युक्तिवाद केला, की सुखाने झोपलो आणि काहीच कळले नाही ही जागे झाल्यावरची आठवण आहे, आणि आठवण असेल तर झोपेतही साक्षी चैतन्य असलेच पाहिजे. नैयायिकांनी, म्हणजे तर्काला प्रमाण मानणाऱ्या न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, ती आठवण नसून मागाहून केलेले अनुमान आहे असे म्हणून तो नाकारला. हा वाद सूक्ष्म आणि रंजक आहे, पण चांडाळाच्या वाक्याकडे दोन्ही पक्षांनी ज्ञानमीमांसेच्याच अंगाने पाहिले. झोपेत जात गळून पडते हे मान्य केल्यावर, तो झोपलेला देह गावात कुठे पडावा हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर समाजाने जागेपणी, जात पुरती ध्यानात ठेवून दिले होते.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाच्या, म्हणजे अध्ययन पूर्ण केलेल्या गृहस्थाच्या, आचारनियमांत झोपलेल्या श्रेष्ठाला उठवू नये असे सांगितले आहे. झोपलेल्याला उठवू नये एवढेच म्हटले असते तर तो दयेचा नियम झाला असता; श्रेष्ठ हे विशेषण लागल्यामुळे तो अदबीचा झाला. परशुरामाचे डोके मांडीवर असताना किड्याने मांडी पोखरली तरी न हललेला कर्ण या अदबीचे टोक आहे, आणि त्या सहनशक्तीनेच त्याचे खोटे उघडे पडून त्याला शाप मिळाला हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. उलट दिशेने, म्हणजे श्रेष्ठाने कनिष्ठाच्या झोपेची काळजी वाहावी असा नियम, आचारधर्मात सहज सापडत नाही. पंढरपुरात गाडगे महाराजांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, तेव्हा चोखामेळ्याच्या नावाने अस्पृश्य वारकऱ्यांसाठी निराळी धर्मशाळा उभारावी लागली, कारण दिवसभर एकाच विठ्ठलाचे नाव घेणाऱ्यांना रात्री पाठ टेकण्याची जागा एक नव्हती. १९४९ मध्ये महाराजांनी ती वास्तू बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. याज्ञवल्क्याच्या त्या वाक्यावरचे हे सर्वांत परखड भाष्य म्हणता येईल, आणि ते ज्याने केले त्याने भाष्य म्हणून एक अक्षरही लिहिले नाही.

झोपणाऱ्याच्या दोषाचा विचार थोडक्यात आटोपता येतो, कारण तो सर्वपरिचित आहे. गीता निद्रा, आळस आणि प्रमाद यांतून येणारे सुख तामस ठरवते, पण अति जागणाऱ्यालाही योग साधत नाही असे सहाव्या अध्यायात बजावते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात एक संपूर्ण समास निद्रेच्या निरूपणाला दिला आहे, ज्यात जांभया देणारे, घोरणारे, झोपेत बरळणारे असे झोपाळूंचे नमुने हौसेने रंगवले आहेत, आणि लगेच पुढचा समास वाईट श्रोत्याच्या लक्षणांचा आहे. या क्रमाची गंमत कोणत्याही कीर्तनकाराला समजावून सांगावी लागत नाही. बौद्ध परंपरेतील उपदेश अधिक हळुवार आहे. अंगुत्तर निकायात ध्यानाला बसलेल्या मोग्गल्लान या आपल्या शिष्याला डुलक्या येताना पाहून बुद्ध त्याला उपाय सांगतात: विषय बदलावा, शिकलेले आठवावे, मोठ्याने म्हणावे, कान ओढावेत, डोळ्यांना पाणी लावून नक्षत्रांकडे पाहावे, येरझारा घालाव्यात. एवढे करूनही झोप न हटल्यास उजव्या कुशीवर निजावे आणि उठायचे ध्यान मनात ठेवावे, असा शेवटचा उपाय आहे. उपदेश करणारा स्वतः जागा आहे, समोरचा पेंगतो आहे, आणि तरीही उपायांची यादी झोपेच्या परवानगीने संपते.

आयुर्वेदाने तर या बाबतीत धर्मशास्त्रापेक्षा अधिक शहाणपण दाखवले. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे चरकसंहितेत देहाचे तीन उपस्तंभ, म्हणजे मुख्य खांबांना आधार देणारे टेकू, मानले आहेत. दिवसा झोपणे कफ वाढवते म्हणून ते एरवी निषिद्ध आहे, पण अपवादांची यादी लांबलचक आहे: गाण्याने, अध्ययनाने, ओझे वाहून किंवा वाट चालून थकलेले, म्हातारे, मुले, दुबळे, जखमी, राग, शोक आणि भीती यांनी पिळवटलेले, आणि रात्री जागलेले. ही यादी आजच्या वाचनालयात किंवा इस्पितळाच्या प्रतीक्षागृहात उभे राहून वाचली, तर समोर पेंगणाऱ्यांपैकी यादीबाहेरचा माणूस शोधावा लागेल. बसल्या बसल्या घेतलेली डुलकी देहाला रुक्षही करत नाही आणि जडही करत नाही, असा वेगळा निर्वाळाही चरक आणि वाग्भट या दोघांनी दिला आहे. पुस्तकात बोट अडकवून, चष्मा कपाळावर सरकवून मान टाकणाऱ्या वाचकाची प्रकृती त्यांच्या दृष्टीने धोक्यात नाही.

जागृताच्या कर्तव्याचा खरा विचार महाभारतात आढळतो, आणि तो एका जोडीच्या रूपाने. द्रोणपर्वात चौदाव्या दिवसाचे युद्ध सूर्यास्तानंतरही चालू राहते, मशालींच्या उजेडात घटोत्कच पडतो, आणि त्यानंतर दोन्ही सैन्ये झोपेने इतकी आंधळी होतात की आपला कोण आणि परका कोण हे कळेनासे होते. त्या वेळी अर्जुन मोठ्याने सर्वांना सांगतो, की वाटत असेल तर येथेच, रणांगणावरच, थोडे झोपा आणि चंद्र उगवला की पुन्हा लढू. कौरवांचे सैन्य हे ऐकून शत्रूपक्षाच्या या वीराला दुवा देते, आणि मग घोड्यांच्या पाठीवर, रथांच्या बैठकीत, हत्तींच्या मानेवर आणि उघड्या जमिनीवर, शस्त्रे हातात असतानाच, दोन्ही बाजूंची माणसे झोपी जातात. उघड्यावरच्या सामुदायिक झोपेचे याहून भव्य वर्णन भारतीय वाङ्मयात विरळाच असेल. उद्या ज्याला मारायचे आहे त्याच्याही झोपेला आपण बांधील आहोत, एवढा टोकाचा विचार त्यात आहे. त्या रात्रीत भाबडेपणाचा लवलेश नाही, कारण चंद्र उगवताच संहार पुन्हा सुरू होतो.

या चित्राचे उलटे रूप सौप्तिकपर्वात येते. वडाखाली न झोपलेला अश्वत्थामा, झाडावरच्या झोपलेल्या कावळ्यांना मारणारे घुबड पाहतो आणि त्याला युक्ती सुचते. कृपाचार्य त्याला सांगतात, की झोपलेल्यांचा वध धर्माला मान्य नाही, आणि तू स्वतः फार दिवस जागा आहेस, आज रात्री झोप. हा सल्ला त्याने मानला असता तर द्रौपदीची मुले वाचली असती. व्यासांनी येथे दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत: झोपलेल्याशी केलेला घात, आणि घात करणाऱ्याला नसलेली झोप. ज्याला स्वतःला विसावा मिळालेला नाही तो दुसऱ्याच्या विसाव्याचा वैरी होतो, हे मानसशास्त्र रखवालदाराला बारा तास उभे करून त्याच्याचकडून बाकावरच्या माणसांना हुसकावून लावणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला लागू पडते.

गावाच्या झोपेसाठी कोणीतरी जागले पाहिजे, ही व्यवस्था मराठी मुलखाला नवी नाही. वेशीवरचा वेसकर आणि रात्री गस्त घालणारा जागल्या ही कामे वतनाच्या नावाखाली बहुधा महारांकडे आणि काही भागांत रामोशांकडे असत, आणि ज्याच्या जागण्यावर गाव निर्धास्त झोपे त्याचे स्वतःचे घर बहुधा वेशीबाहेर असे. महार वतनांविरुद्ध आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, आणि कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. पंढरपूरच्या देवळाने मात्र हेच जागरण देवाच्या अंगावर घातले आहे. आषाढी एकादशीला शास्त्राप्रमाणे विष्णूची चार महिन्यांची निद्रा सुरू होते, पण नेमके त्याच काळात विठ्ठलाचा पलंग शेजघरातून काढला जातो, चोवीस तास दर्शन सुरू राहते, उभ्या देवाच्या पाठीला लोड दिला जातो, आणि प्रक्षाळपूजेनंतरच त्याचा शिणवटा उतरला असे मानतात. शास्त्रातला देव झोपतो, लोकांचा देव जागतो, आणि लाखो वारकरी वाळवंटात, ओवऱ्यांत, शाळांच्या पडवीत, मिळेल तेथे बिनघोर पडतात. श्रेष्ठाने कनिष्ठाच्या झोपेसाठी जागावे हा जो नियम स्मृतींनी लिहिला नाही, तो वारकऱ्यांनी रूढीतून पाळायला लावला.

आधुनिक कायद्याने या प्रश्नाला हक्काची भाषा दिली, पण त्या भाषेलाही जागेची अडचण सुटलेली नाही. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या उपजीविकेला राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खाली, म्हणजे जीविताच्या हक्काखाली, संरक्षण दिले, मात्र पदपथ अडवण्याचा हक्क कोणालाही नाही असेही ठरवले. नोटीस देऊन आणि म्हणणे ऐकून माणसाला तेथून उठवता येते. दिल्लीच्या रामलीला मैदानावर मध्यरात्री झोपलेल्या आंदोलकांवर जून २०११ मध्ये पोलिसी कारवाई झाली, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोप हीच जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. दोन निकाल शेजारी ठेवले तर असे दिसते, की ज्याला परतायला घर आहे त्याच्या मैदानावरच्या झोपेला तत्त्व मिळाले आणि ज्याला घर नाही त्याच्या पदपथावरच्या झोपेला कार्यपद्धती मिळाली. निद्रेचा हक्क जागेच्या हक्कावाचून पंगू राहतो. मुंबईच्या गिरणगावातील एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गिरणी कामगारांना हे कोणत्याही न्यायालयाआधी ठाऊक होते: एकाची पाळी सुरू झाली की दुसऱ्याची वळकटी उलगडायची.

वाचनालय ही यातली सर्वांत अवघड जागा आहे, कारण तेथे झोपेला विरोध करणारा पक्ष स्वार्थी नाही. ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक एस. आर. रंगनाथन यांनी आयुष्याची अखेरची वर्षे बंगळुरूत काढली आणि १९६२ मध्ये तेथेच ग्रंथालयशास्त्राचे संशोधन केंद्र उभे केले. १९३१ मध्ये मांडलेल्या त्यांच्या पाच सूत्रांतील पहिले सूत्र ग्रंथ उपयोगासाठी आहेत असे सांगते, आणि ग्रंथ तसे असतील तर खुर्चीही उपयोगासाठीच आहे, असा निष्कर्ष कडक ग्रंथपाल काढू शकतो. न्यू जर्सीतील मॉरिसटाउनच्या वाचनालयाने वाचन किंवा अभ्यास न करणाऱ्याला बाहेर काढण्याचा नियम केला, एका बेघर वाचकाने त्याला आव्हान दिले, आणि १९९२ मध्ये अपील न्यायालयाने वाचनालयाच्या बाजूने निकाल दिला, तो याच तर्काने. पण रंगनाथन यांनी पहिल्या सूत्राच्या विवेचनातच वाचनालयाची जागा, वेळा आणि बसण्याचे सामान वाचकाला सोयीचे हवे असा आग्रह धरला होता, आणि सोयीची खुर्ची हीच डुलकीला पहिले आमंत्रण देते. मुंबईच्या डेव्हिड ससून वाचनालयाच्या व्हरांड्यातील लांब हातांच्या आरामखुर्च्या पाहिल्या तर, ज्याने त्या तेथे ठेवल्या त्याला वाचकाच्या देहाची पुरती कल्पना होती, असेच म्हणावे लागते.

तेव्हा तारतम्य ठेवावे ते असे, की खुर्चीसाठी दुसरा वाचक ताटकळत उभा असेल तर झोपलेल्याला उठवणे न्याय्य आहे, आणि शेजारची खुर्ची रिकामी असताना केवळ नियम लिहिला आहे म्हणून उठवणे न्याय्य नाही. घोरण्याने इतरांचे वाचन मोडत असेल तर उठवावे, आणि कपडे मळके आहेत म्हणून उठवू नये. उठवण्याची रीतही ठरलेली असावी. गाढ झोपलेल्याला एकदम जागे करू नये, कारण परतताना जीवाची वाट चुकली तर त्यावर उपचार कठीण, असा लोकसमज बृहदारण्यकाने नोंदवून ठेवला आहे, आणि त्यातले शरीरशास्त्र आज पटले नाही तरी रीत पटते.

रात्रीच्या रखवालदाराचा प्रश्न याने सुटत नाही, कारण त्याच्या झोपेने इतरांना खरोखर धोका पोचू शकतो आणि त्याला उठवणाऱ्याकडे सबळ कारण असते. त्याच्या बाबतीत कर्तव्य पहाटेनंतर सुरू होते. जागरणाची सवय नसलेल्याने जितका वेळ जागले त्याच्या निम्मा वेळ सकाळी, जेवणापूर्वी, झोपावे, असे अष्टांगहृदयात वाग्भटाने लिहून ठेवले आहे. बारा तासांच्या पाळीला हा हिशेब लावला तर सकाळचे सहा तास निघतात, आणि व्हाइटफील्डमध्ये भाड्याच्या खोलीत चौघांनी राहणाऱ्या रखवालदाराला ते सहा तास, पत्र्याच्या छपराखाली, शेजारच्या बांधकामाच्या आवाजात काढावे लागतात. त्याला नेमणारी कंत्राटदार संस्था आणि ती संस्था नेमणारे टेक पार्क, या दोघांच्या करारात त्या सहा तासांचा उल्लेख कुठेच नसतो.